वाचकांचे प्रश्न : शुक्रवार ते सोमवार

मागील अंकात आम्ही जुन्या लोकप्रिय मराठी चित्रपटांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांविषयी वाचकांची मते मागवली होती. आलेल्या पत्रांत पुढच्या भागांविषयी जेवढे लिहिलेले होते, तेवढेच चित्रपटगृहांचे वेळापत्रक, तिकिटांचे दर आणि वर्तमानपत्रांत छापून येणारे कोटींचे आकडे यांविषयीही होते. गावे निरनिराळी असली तरी बहुतेक प्रश्नांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून निवडक पत्रांना येथे सलग उत्तरे देत आहे.

शुक्रवारी प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट पाहण्यासाठी आम्ही शनिवारी संध्याकाळी गेलो, तर सकाळी पावणेअकरा आणि दुपारी सव्वादोन असे दोनच खेळ असल्याचे कळले. मंगळवारी रजा काढून पुन्हा गेलो तेव्हा चित्रपट उतरलेला होता. प्रेक्षकच येत नाहीत, असे तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले. संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवण्याचा नियम आहे ना? — एक वाचक, कोल्हापूर

नियम आहे, परंतु आपल्याला वाटतो तेवढा तो नेमका नाही. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपटाचा खेळ असलाच पाहिजे, असे जाहीर केले होते. त्यावर बराच वाद झाला आणि ही वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. त्यामुळे दुपारी सव्वादोनचा खेळ लावला की नियम पाळला जातो. नोकरी करणाऱ्या माणसाला तो खेळ पाहता येतो की नाही, हे नियम विचारत नाही.

वेळापत्रक कसे ठरते ते मी काही वर्षांपूर्वी एका वितरकाच्या कार्यालयात गुरुवारची पूर्ण संध्याकाळ बसून पाहिले आहे. टेबलावर चित्रपटगृहांची छापील यादी होती आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने मागितलेले खेळ आणि मिळालेले खेळ असे दोन आकडे लिहिलेले होते. रात्री नऊपर्यंत दुसऱ्या रकान्यातील आकडे खोडरबराने पुसून पुन्हा पुन्हा लिहिले जात होते, कारण त्याच शुक्रवारी येणाऱ्या मोठ्या हिंदी चित्रपटाचे आगाऊ आरक्षण वाढत होते आणि त्यासाठी जागा मोकळी केली जात होती. पोस्टर, जाहिराती, कलाकारांचे गावोगावचे दौरे असे सारे काही करून बसलेल्या निर्मात्याला आपला चित्रपट उद्या कोणत्या गावात किती वाजता लागणार आहे, हे आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते.

शुक्रवारी सकाळी सुरू झालेल्या चित्रपटाचे पुढच्या आठवड्यातील भवितव्य सोमवारी ठरवले जाते. शनिवार-रविवारची आणि सोमवारची विक्री पाहूनच चित्रपट टिकवायचा की उतरवायचा, याचा निर्णय होतो. ज्याला मुळातच अडचणीच्या वेळा मिळाल्या, त्याची विक्री कमी भरणार हे उघड आहे आणि मग तीच कमी विक्री त्याला काढण्याचे कारण म्हणून पुढे केली जाते. १८ जुलै २०२५ रोजी ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि हिंदी ‘सैयारा’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. ‘सैयारा’ अपेक्षेपेक्षा फार मोठा चालला, त्याचे खेळ वाढले, मराठी चित्रपटाचे खेळ काढून घेतल्याची तक्रार झाली आणि राजकीय पक्षही त्यात उतरले. २०२३ च्या एप्रिलअखेरीस आलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘टीडीएम’ला खेळ मिळेनात, तेव्हा दिग्दर्शक आणि कलाकारांना प्रेक्षकांसमोर अश्रू आवरले नाहीत. अखेर प्रदर्शन थांबवून तो चित्रपट जूनमध्ये पुन्हा आणावा लागला.

हे आजचे दुखणे नाही. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ऐवजी हिंदी चित्रपट लावला जात होता आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्तक्षेपानंतरच ‘सोंगाड्या’ लागला. त्यानंतर तो किती चालला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, संध्याकाळचा खेळ मिळण्याइतकेच दुसरा आठवडा मिळणे महत्त्वाचे आहे. मराठी प्रेक्षकांपैकी फार मोठा वर्ग पहिल्या तीन दिवसांत घराबाहेर पडत नाही. आधी शेजारीण पाहून येते, मग भिशीत किंवा कार्यालयातल्या डब्याच्या वेळी विषय निघतो, मग सगळ्यांच्या सोयीचा रविवार शोधला जातो. हा रविवार बहुधा दुसरा असतो. त्या रविवारी चित्रपट पडद्यावर असेल, एवढी हमी देणारा नियम झाला तर वेळेविषयीची निम्मी भांडणे संपतील.

एखाद्या चित्रपटाने दहा कोटी कमावले अशी बातमी येते आणि काही महिन्यांनी त्याच निर्मात्याची नुकसान झाल्याची मुलाखत येते. यांतले खरे काय मानायचे? — एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

दोन्ही खरे असू शकते. आपण बँकेत काम केले आहे, म्हणून हिशेबच मांडतो.

समजा, तिकीट २३६ रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यामुळे यांतले ३६ रुपये शासनाकडे जातात आणि २०० उरतात. बातमीतील आकडा पुष्कळदा २३६ रुपयांच्या हिशेबाने दिलेला असतो, वाटणी मात्र २०० रुपयांची होते. २००९ मध्ये हिंदी निर्मात्यांनी एप्रिलपासून सुमारे दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट दिले नव्हते. त्या संपानंतर झालेल्या तडजोडीत निर्माता-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. प्रत्येक चित्रपटाचा करार थोडाफार वेगळा असला तरी उतरत्या वाट्याची ही पद्धत व्यवसायात रुळलेली आहे.

आता दहा कोटींचे काय होते ते पाहू. कर वजा जाता साधारण ८ कोटी ४७ लाख उरतात. सर्व आठवड्यांची सरासरी ४५ टक्के धरली तर ३ कोटी ८१ लाख रुपये निर्माता-वितरकांच्या बाजूला येतात. त्यांतून वितरकाचे कमिशन, चित्रपट डिजिटल पद्धतीने पडद्यापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क आणि जाहिरातीचा खर्च वजा करावा लागतो. चार कोटींत बनवलेला चित्रपट दहा कोटींचा धंदा करूनही तोट्यात राहतो, तो असा. उरलेली भरपाई दूरचित्रवाणी आणि ओटीटीच्या हक्कांतून व्हावी, अशी अपेक्षा असते. पात्र ठरल्यास शासकीय अनुदानही मिळते, ज्यात अ दर्जासाठी ४० लाख आणि ब दर्जासाठी ३० लाख रुपये अशी रक्कम बराच काळ ठरलेली होती.

या हिशेबात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाटा उतरता असल्यामुळे निर्मात्याला पहिल्या आठवड्यातील प्रेक्षक अधिक मोलाचा आणि चित्रपटगृहाला नंतरच्या आठवड्यांतील. म्हणजे उशिरा येणाऱ्या मराठी प्रेक्षकाला धरून ठेवण्यात चित्रपटगृहाचाच फायदा असायला हवा. तरीही तो धरून ठेवला जात नाही, कारण दर शुक्रवारी नवा मोठा चित्रपट दारात उभा असतो.

आकड्यांची तुलना करतानाही एक काळजी घ्यावी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता. २०१६ च्या ‘सैराट’चे उत्पन्न त्या काळातील आहे. तिकिटाचा जवळजवळ संपूर्ण रुपया तेव्हा वाटणीला येत असे, आज तो येत नाही. त्यामुळे आजच्या एखाद्या चित्रपटाने तोच आकडा गाठला तरी निर्मात्याच्या हाती तेवढेच पैसे पडले, असे होत नाही. ‘सैराट’ने किती मोठी मजल मारली होती, ते यावरून पुन्हा एकदा कळते.

चौघांचे कुटुंब चित्रपटाला गेले तर तिकिटांपेक्षा खाण्याचा खर्च अधिक होतो. घरचा डबा नेऊ का देत नाहीत? — एक गृहिणी, नाशिक

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असा निर्णय दिला की, चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असल्यामुळे बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे. पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य उपलब्ध असले पाहिजे, हेही त्यात स्पष्ट करण्यात आले आहे, तेव्हा पाणी अवश्य मागून घ्यावे. तान्ह्या बाळाचे खाणे सोबत नेण्यासही हरकत घेता येत नाही. वरील हिशेबाशी याचा जवळचा संबंध आहे, कारण तिकिटाच्या पैशांत निर्मात्याचा वाटा असतो आणि पॉपकॉर्नच्या पैशांत नसतो. शनिवारी रात्री हौसेने खर्च करणारी गर्दी कोणता चित्रपट आणतो, याकडे मल्टिप्लेक्सचे बारीक लक्ष असते आणि संध्याकाळच्या खेळांची वाटणी करताना तेही मोजले जाते.

आताशा ज्या चित्रपटाचे नाव घ्यावे त्याच्यापुढे २ किंवा ३ लागलेला दिसतो. मराठीत कथांचा दुष्काळ पडला आहे का? — एक वाचक, पुणे

कथांचा दुष्काळ पडलेला नाही. लोकांना आधीपासून ठाऊक असलेल्या नावांचा मात्र तुटवडा आहे आणि नाव ठाऊक नसेल तर पहिल्या तीन दिवसांत प्रेक्षक आणणे फार महाग पडते. नवा चित्रपट काय आहे, हे महाराष्ट्राला सांगण्यासाठी जाहिरातीवर जेवढा पैसा लागतो, तेवढा कित्येकदा निर्मात्याकडे उरलेलाच नसतो. ‘टाइमपास’ म्हटले की दगडू आणि प्राजू आठवतात, तेथे ओळख करून द्यावी लागत नाही. २०१४, २०१५ आणि २०२२ असे त्याचे तीन भाग आले. सोमवारच्या त्या परीक्षेला सामोरे जाताना निर्माता आधीच्या यशाची पत सोबत घेऊन जातो, असे मी याकडे पाहतो.

ही पत कधीकधी निर्मात्यालाही नकळत वाढत जाते. ‘झपाटलेला’ १९९३ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१३ चा. मधल्या वीस वर्षांत जन्मलेल्या मुलांनी तात्या विंचूला चित्रपटगृहात कधी पाहिलेच नव्हते, ती मुले त्याला सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर भेटली होती. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले, तरी महेश कोठारे यांना तो बाहुला पुन्हा, आणि तोही त्रिमितीत, आणता आला तो या प्रेक्षकाच्या भरवशावर. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये एसटीने गणपतीपुळ्याला निघाला आणि २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग कोकण रेल्वेने. ‘दे धक्का’च्या दोन भागांत चौदा वर्षांचे अंतर आहे. एवढ्या अंतरानंतर येणाऱ्या प्रेक्षकाला कथेबरोबर आपल्या घरातले जुने दिवसही पाहायचे असतात. त्या ओढीत मला काहीही कमीपणाचे वाटत नाही, मीही त्याच ओढीने गेलो होतो.

तरीही पुढचा भाग कधी काढावा याचा माझ्या मते एकच निकष आहे. आधीच्या चित्रपटाने एखादा प्रश्न खरोखर उघडा ठेवलेला असला पाहिजे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हे मला याचे सर्वांत चांगले उदाहरण वाटते. २०१० मध्ये मुंबईची एक मुलगी स्थळ पाहण्यासाठी पुण्यात येते आणि एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर शहरात हिंडते, एवढीच गोष्ट होती. या दोघांचे पुढे काय झाले, हे चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारावेसे वाटले होते. २०१५ च्या दुसऱ्या भागात लग्न आले आणि लग्नाबरोबर दोन्ही घरची माणसे आली, २०१८ च्या तिसऱ्या भागात मूल होण्याचा प्रश्न आला. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचे वय पात्रांबरोबर वाढत गेले आणि सतीश राजवाडे यांनी ते लपवले नाही. पहिल्या भागातील सर्वांत हशा मिळालेली वाक्ये गोळा करून ती त्याच कलाकारांच्या तोंडी पुन्हा घालणे, हा याच्या अगदी उलटा मार्ग आहे आणि तसे चित्रपट पाहताना मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या कलाकारांकडे आणखी काही देण्यासारखे असते.

मुंबई-पुण्यात गाजणारे मराठी चित्रपट आमच्याकडे मोजक्याच खेळांत लागतात किंवा लागतच नाहीत. मराठवाडा महाराष्ट्रात नाही का? — एक वाचिका, नांदेड

आपला प्रश्न आपण समजता त्याहून अधिक अचूक आहे. चित्रपट वितरणाच्या नकाशात मराठवाडा खरोखरच अनेक वर्षे निराळ्या ठिकाणी आहे. वितरणाची क्षेत्रे स्वातंत्र्यापूर्वीच्या राजकीय सीमांवरून ठरली आणि १९६० मध्ये राज्य झाले तरी ती बदलली नाहीत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई क्षेत्रात, विदर्भ सीपी-बेरारमध्ये (म्हणजे इंग्रजी अमलातील मध्य प्रांत आणि वऱ्हाड) आणि मराठवाडा निजाम क्षेत्रात मोडतो, जेथे हैदराबादचे वितरक तेलुगू चित्रपटांचाही व्यवहार पाहतात. एका भाषेचा चित्रपट एका राज्यात लावण्यासाठी तीन निरनिराळ्या क्षेत्रांतील लोकांशी बोलणी करावी लागतात.

रिळांच्या काळात याचा फटका फार मोठा होता. प्रती थोड्या निघत, त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत आणि ओरखडे उठलेल्या अवस्थेत महिन्या-दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या गावी पोहोचत. आता चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून येतो आणि ठरलेल्या दिवसांपुरती तो उघडणारी सांकेतिक किल्ली संगणकावर चालते, त्यामुळे नांदेडला आणि दादरला तो एकाच सकाळी लागू शकतो. अडचण उरली आहे ती पडद्यांची. तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेली आणि त्यांच्या जागी उभी राहिलेली मल्टिप्लेक्स मोठ्या शहरांभोवतीच आहेत. ‘सैराट’च्या वेळी गावोगावचे लोक ट्रॅक्टर-टेम्पोने चित्रपटाला गेले, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ग्रामीण भागात प्रेक्षक नाही, असे म्हणताच येणार नाही. मोडकळीस आलेली एकपडदा चित्रपटगृहे दोनशे-अडीचशे खुर्च्यांच्या छोट्या पडद्यांत बदलण्यासाठी शासनाने मालकांना सवलत द्यावी, अशी मागणी या व्यवसायातील लोक सातत्याने करत आले आहेत आणि ती मला सर्वस्वी योग्य वाटते.

दोन महिने थांबले की चित्रपट घरीच दिसतो. मग धावपळ कशाला करावी? — एक वाचक, बंगळुरू

आपल्या शहरात मराठी चित्रपटाचे खेळ मुळात थोडे आणि बहुधा शनिवार-रविवारीच असतात, त्यामुळे आपली अडचण मी समजू शकतो. मात्र घरी दिसेल, हे गृहीत धरू नये. हिंदी चित्रपटांना सहसा आठ आठवड्यांनी ओटीटीवर जागा ठरलेली असते, तशी मराठीत ठरलेली नसते. बहुसंख्य मराठी चित्रपटांचे हक्क प्रदर्शनापूर्वी विकले जात नाहीत आणि चित्रपटगृहात काय झाले हे पाहूनच किंमत ठरते. चित्रपटगृहात पडलेल्या चांगल्या चित्रपटाला कित्येकदा कोणी विचारतच नाही.

मी महाविद्यालयात शिकते. आम्हा मैत्रिणींना मराठी चित्रपट आवडतात, पण आमच्या दोन-चार तिकिटांनी असा काय फरक पडणार? — एक विद्यार्थिनी, सातारा

फरक पडतो, आणि तो दोन-चार तिकिटांनीच पडतो. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा सहा मध्यमवयीन बहिणींच्या मंगळागौरीच्या गोष्टीकडून व्यवसायातील कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. पहिल्या शनिवारी ज्या बायका पाहून आल्या, त्या पुढच्या वेळी नऊवारी नेसून, गजरे माळून, जावा-नणंदांना आणि सोसायटीतल्या मैत्रिणींना घेऊन गेल्या. दुसऱ्या आठवड्याचे उत्पन्न पहिल्यापेक्षा बरेच अधिक झाले. असे या व्यवसायात क्वचितच घडते, आणि खेळ दुसऱ्या आठवड्यात टिकून होते म्हणूनच ते घडू शकले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आलेल्या ‘दशावतार’मध्ये एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर कोकणातील दशावतारी कलावंताच्या भूमिकेत होते, आणि तो चित्रपटही लोकांनी एकमेकांना सांगून सांगून मोठा केला.

तेव्हा एवढे करून पाहा. चित्रपट पाहायचा हे ठरलेले असेल तर खिडकीवर जाऊन तिकीट काढण्यासाठी रविवारपर्यंत थांबू नका. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळीच आगाऊ आरक्षण करा, कारण शनिवारचे खेळ वाढवायचे की घटवायचे, हे त्याच आरक्षणावरून ठरते. तुमच्या सोयीच्या वेळी खेळ नसेल तर चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटून सांगा. पंधरा-वीस मुली एकत्र येणार असतील तर लहान शहरातील व्यवस्थापक वेळ बदलून देतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि महाविद्यालय लवकर सुटत असेल तर सोमवारचा खेळ निवडा. त्या दिवशी अर्ध्या रिकाम्या सभागृहात तुम्ही चौघी बसलेल्या असाल, तर पुढच्या शुक्रवारचे वेळापत्रक आखणाऱ्या माणसाच्या कागदावर त्या चार खुर्च्या भरलेल्या दिसतील.